शब्दाची पेठ : अँटवर्पमधील नऊ दिवस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत यापूर्वी विद्वानांची भाषणे झाली. आज कार्यवाहांनी एका कापड दुकानदाराला येथे उभे केले आहे. माझे शिक्षण बी.कॉम., आणि त्यापुढचे सारे शिक्षण गादीवर, ताक्यांच्या आणि मीटरपट्टीच्या संगतीत झालेले. तेव्हा तत्त्वचर्चेची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. २०२४ च्या मे महिन्यात मी बेल्जियममधील अँटवर्प या शहरी माझ्या एका जुन्या मित्राकडे नऊ दिवस राहून आलो. व्यापारी शहर कशावर उभे राहते आणि कशाने कोसळते, हे तेथे मला जसे दिसले तसे आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम मित्राविषयी. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षे एका खोलीत राहिलो. तो मूळचा पालनपूरकडचा; मात्र बालपण पुण्यात गेल्यामुळे त्याची मराठी तुमच्या-माझ्याइतकीच अस्सल. पदवी मिळाल्यावर मी वडिलांच्या दुकानात बसलो आणि तो १९८४ साली मामांच्या हिऱ्यांच्या पेढीवर अँटवर्पला गेला. पत्रे आली, गेली. पुढे फोन झाले. लग्नकार्याला तो भारतात आला की धावती भेटही होई. पण, "एकदा निवांत ये," हे त्याचे बोलावणे चाळीस वर्षे तसेच राहिले होते. गेल्या खेपेस मात्र तो फोनवर म्हणाला, "अरे, डिसेंबरअखेर पेढी बंद करतो आहे. पाटी उतरण्यापूर्वी एकदा येऊन जा." त्यानंतर मी विलंब लावला नाही.

ब्रुसेल्सला विमानातून उतरून आगगाडीने अँटवर्पला जाता येते. तेथील मध्यवर्ती स्थानक १९०५ साली पूर्ण झाले. त्याचा प्रचंड घुमट, संगमरवरी जिने आणि पोलाद-काचेचे छप्पर पाहून आपण एखाद्या राजवाड्यात उतरलो की काय, असे वाटते. स्थानकाबाहेर पडून काही पावले चालले की हिऱ्यांची पेठ लागते. रस्त्याच्या तोंडाशी वाहनांना अडसर, जागोजागी कॅमेरे, आणि आत मात्र बाहेरून अगदी साध्या दिसणाऱ्या इमारती. कोट्यवधींचा माल खिशात कागदाच्या घडीत घालून माणसे पायी चालत असतात. शोभिवंत दालने पाहण्यास सवकलेल्या आपल्या डोळ्यांना ही पेठ काहीशी निराश करते.

पण मित्राने मला आधी पेठ दाखविली नाही. तो म्हणाला, "आधी नदी बघ. नदी समजली की गाव समजेल." शेल्ट नदीच्या काठी जुने गाव आहे. तेथील मुख्य चौकात नगरपालिकेची १५६५ साली पूर्ण झालेली भव्य इमारत आणि सभोवती निरनिराळ्या व्यवसायांच्या संघांची उंच, निमुळत्या कपाळपट्ट्यांची घरे आहेत. चौकाच्या मध्यभागी १८८७ साली बसविलेले एक कारंजे असून त्यावर एक तरुण कापलेला हात भिरकावण्याच्या आवेशात उभा आहे. दंतकथा अशी, की आन्तिगोन नावाचा राक्षस नदीवर जकात वसूल करी आणि जो नावाडी ती देत नसे त्याचा हात तोडी. ब्राबो नावाच्या रोमन सैनिकाने त्या राक्षसाचाच हात तोडून नदीत फेकला. गावाचे नाव या 'हात फेकण्या'वरून पडले असे लोक सांगतात. भाषेचे अभ्यासक ते मानीत नाहीत. हाताच्या आकाराची बिस्किटे मिठाईच्या दुकानांतून मिळतात. त्यांत अंडे असते, म्हणून आम्ही ती काचेतूनच पाहिली.

ही कथा मी मुद्दाम सांगितली. नदीवरची जाचक जकात आणि व्यापाऱ्याचा तोडलेला हात ही या शहराला वाटणारी सर्वांत जुनी भीती आहे, आणि पुढे इतिहासात ती खरीही ठरली.

पंधराव्या शतकापर्यंत त्या प्रदेशाची मोठी बाजारपेठ ब्रूज ही होती. ब्रूजला समुद्राशी जोडणारी खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पकडे वळला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला आणि अवघ्या तीन वर्षांत, १५०१ साली, पोर्तुगीजांची मिरी अँटवर्पच्या धक्क्यावर उतरली. आपल्या मलबारची मिरी, दक्षिण जर्मनीचे तांबे व चांदी आणि इंग्लंडचे लोकरी कापड या तिहींची गाठ तेथे पडली. इंग्लंडहून कापड बहुतेक न रंगविलेले, कोरे येई. अँटवर्पचे कारागीर त्यावर रंगाई व अखेरची सफाई करीत आणि मग ते जर्मनीकडे व त्याही पलीकडे जाई. कोऱ्या मालावर प्रक्रिया करून तो पुढच्या पेठेस पाठविणे म्हणजे काय, हे इचलकरंजी किंवा मालेगावशी व्यवहार करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या धंद्याचे पूर्वज भेटल्याचा आनंद मला तेथे झाला.

१५३१ साली या शहराने खास व्यापाऱ्यांसाठी चारी बाजूंनी कमानींचा सोपा असलेला एक मोकळा चौक बांधला. हे तेथील प्रसिद्ध बूर्स. कोणत्याही राष्ट्राच्या आणि कोणतीही भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते खुले असल्याचे त्यावर कोरले होते. लंडनच्या थॉमस ग्रेशम याने हेच बूर्स डोळ्यांपुढे ठेवून आपल्या शहरात रॉयल एक्स्चेंज उभारले. अँटवर्पची मूळ इमारत आगीत गेली; १८५८ साली पुन्हा आग लागली; १८७२ साली आजची इमारत झाली आणि दीर्घकाळ बंद राहून २०१९ साली ती पुन्हा उघडली. त्या कमानींखाली उभे राहिल्यावर मनात आले, की येथे कोणाला जात, पंथ वा भाषा विचारली जात नव्हती. प्रश्न एकच असे, 'तुमचा शब्द कसा आहे?'

बी.कॉम.च्या वर्गात आपण सर्वांनी द्विनोंदी पद्धत घोकली. तिचे पहिले छापील विवेचन लूका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये केले, हे आपल्याला माहीत असते. परंतु उत्तर युरोपच्या व्यापाऱ्यांना ही विद्या त्यांच्या भाषेत देणारे एक महत्त्वाचे पुस्तक १५४३ साली अँटवर्पला निघाले. त्याचे कर्ते यान इम्पिन हे स्वतः व्यापारी. व्हेनिसमध्ये अनेक वर्षे राहून ते ही पद्धत शिकून आले होते. पुस्तक छापून होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ॲना स्विंटर्स यांनी ते प्रसिद्ध केले. पतीच्या पश्चात दुकान सांभाळणाऱ्या भगिनी आपल्या समाजात थोड्या नाहीत. पतीची विद्या सांभाळणारी ही भगिनीही त्यांच्याच पंक्तीत शोभते.

कीर्द-खतावणीचे खरे दर्शन घडले ते प्लांटिन-मोरेतुस वस्तुसंग्रहालयात. फ्रान्समधून आलेल्या क्रिस्तोफ प्लांटिन या पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिराने १५५५ साली अँटवर्पला छापखाना काढला. १५६८ ते १५७३ या काळात त्याने पाच भाषांतील बायबल आठ खंडांत छापले. पुढे जावई मोरेतुस याच्या घराण्याने तीन शतके तो व्यवसाय चालविला आणि १८७६ साली घर, छापखाना, खिळे, कागदपत्रे सारे काही शहराच्या स्वाधीन केले. जगातील सर्वांत जुनी मानली जाणारी दोन छपाईयंत्रे तेथे आहेत. २००५ साली युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्याआधी २००१ साली तेथील व्यावसायिक दप्तराला जागतिक स्मृतिठेव्यात स्थान मिळाले होते. कोणत्या कामगाराला किती मजुरी दिली, कागद कोठून आणला, कोणाकडे किती येणे राहिले, हे सारे तेथे लिहिलेले आहे. राजांच्या तलवारी जपलेल्या आपण पुष्कळ पाहतो. व्यापाऱ्याच्या वह्या इतक्या आदराने जपलेल्या मी आयुष्यात प्रथमच पाहिल्या. मित्रही त्या वह्यांपाशी बराच वेळ थांबला होता. त्याचे कारण पुढे येईल.

आता या वैभवाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. त्या वेळी या प्रदेशावर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि धर्ममतांवरून छळ सुरू झाला होता. पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने १५७६ च्या नोव्हेंबरमध्ये शहर लुटले. हजारो माणसे मारली गेली. नऊ वर्षांनी, ऑगस्ट १५८५ मध्ये, दीर्घ वेढ्यानंतर शहर शरण आले. प्रॉटेस्टंट पंथीयांना चार वर्षांची मुदत मिळाली : पंथ बदला किंवा गाव सोडा. गाव सुटले. सुमारे एक लाखाची वस्ती काही वर्षांतच निम्म्याहून कमी झाली. विणकर, छापणारे, सराफ, व्यापारी उत्तरेकडे गेले. त्यांच्या भांडवलाने आणि कसबाने ॲम्स्टरडॅम भरभराटले. त्यातच नदीचे मुख डचांच्या हाती गेले. १६४८ च्या तहाने शेल्ट नदीवरील ही बंदी कायम झाली आणि समुद्राशी थेट व्यापार सुमारे दीडशे वर्षे खुंटला. नदी पुन्हा खुली झाल्यावरही डचांची जकात होतीच; बेल्जियमने १८६३ साली एकरकमी मोबदला देऊन ती कायमची उठविली. आन्तिगोनची कथा अशी खरी ठरली.

मुख्य कॅथेड्रलकडे पाहताना हे सारे आठवते. १३५२ साली त्याचे काम सुरू झाले. एक मनोरा १२३ मीटर उंच, दगडाची जणू जाळीदार वेलबुट्टी. दुसरा मात्र अर्ध्यावरच थांबलेला. आत रूबेन्स या थोर चित्रकाराची भव्य चित्रे आहेत. फ्रेंच सैन्याने १७९४ साली त्यांतील प्रमुख चित्रे पॅरिसला नेली होती. १८१५ साली ती परत आली. अर्धवट मनोरा कोणी पाडला नाही, की घाईने कसाबसा पुराही केला नाही. जेवढे झाले तेवढे नीट राखले.

आता हिऱ्यांच्या पेठेकडे वळू. ही पेठ प्रामुख्याने ज्यू समाजाने वाढविली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बेल्जियममधून पंचवीस हजारांहून अधिक ज्यूंना छळछावण्यांकडे पाठविले. त्यांपैकी फारच थोडे परतले. तरीही उरलेल्यांनी युद्धानंतर पेठ पुन्हा उभी केली. १९६० नंतरच्या दशकांत आपले पालनपुरी जैन बांधव तेथे पोहोचले. इतरांना किफायतशीर न वाटणारा लहान कच्चा माल त्यांनी घेतला, सुरत-नवसारीच्या कारागिरांकडून त्याला पैलू पाडून घेतले, आणि एका पिढीत या व्यापाराचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे आला.

या पेठेत सौदा ठरला की दोघे हात मिळवितात आणि 'माझल' असा एकच शब्द उच्चारतात. हिब्रू भाषेतील हा शब्द शुभ-भाग्यवाचक आहे. तो उच्चारणारा ज्यू असो, जैन असो वा ख्रिस्ती, शब्द तोंडातून गेला की सौदा पक्का. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरलेला भाव जसा मोडत नाही, तसेच हे. शनिवार हा ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी माझा मित्र त्यांना त्रास देत नाही. आणि संवत्सरीच्या दिवशी त्याच्याकडे कोणी मालाची चौकशी करीत नाही.

मित्राने सांगितलेली एक हकीगत ऐका. २००८ च्या मंदीपूर्वी त्याने एका वृद्ध ज्यू व्यापाऱ्याकडून मोठी खरेदी हातावर हात देऊन ठरविली होती. पैसे देण्याची तारीख येईतो भाव कोसळले. कागद नव्हता, सही नव्हती. त्याने मुदत वाढवून मागितली, परंतु भाव कमी करून मागितला नाही. ठरलेली रक्कम हप्त्यांनी पूर्ण दिली. त्या वर्षी घरातले दागिने विकावे लागले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, दागिने गेल्याचे वाईट वाटले, पण ह्यांना रात्री झोप लागत होती, ते मी बघत होते." पुढे बँकांनी या धंद्यापुढे हात आखडता घेतला, तेव्हा त्याच ज्यू घराण्याने कोणत्याही तारणावाचून त्याला माल दिला.

मग असा माणूस पेढी का बंद करतो ? व्यापाराची नदी पुन्हा एकदा पात्र बदलते आहे. पैलू पाडण्याचे काम तर कधीच भारतात आले होते. आता सौदेही दुबईकडे वळले आहेत, आणि सुरतेत डिसेंबर २०२३ मध्ये विशाल हिरेबाजाराचे उद्घाटन झाले. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव खाली ओढले. रशियन हिऱ्यांवर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून बंदी घातली. मित्राचे वय झाले, आणि मुलाला हा व्यवसाय करावयाचा नाही. तो बंदरातील एका मालवाहतूक कंपनीत नोकरीस आहे. तो मला हसत म्हणाला, "काका, ब्रूज आणि अँटवर्पचे भांडण पाचशे वर्षांचे, २०२२ साली दोन्ही बंदरे एक झाली. मी त्या एकत्र बंदरात काम करतो." मुलगा सरळ, निर्व्यसनी आहे, रविवारी आम्हाला विल्रेक या उपनगरातील श्री शंखेश्वर पार्श्वनाथ मंदिरात तोच घेऊन गेला. भारतात घडविलेला शुभ्र संगमरवर जहाजाने नेऊन तेथे हे मंदिर उभारले असून २०१० साली प्रतिष्ठा झाली. जेथे बटाट्याचे तळलेले काप हे जणू राष्ट्रीय अन्न आणि तेही परंपरेने गाईच्या चरबीत तळलेले, तेथे कंदमूळ वर्ज्य करणारी मुले पूजेच्या वस्त्रांत रांगेने उभी पाहून मला भरून आले.

माझ्या मुक्कामातले दोन दिवस मित्र पेठेत लोकांचे देणे चुकते करीत फिरला आणि मी त्याच्याबरोबर फिरलो. त्याने एका जुन्या वहीत अकरा नावे लिहून ठेवली होती. कोणाची दलाली, कोणाचा उसना माल, कोणाशी तोंडी ठरलेला फरक. यांतील एकाही रकमेचा दावा कोर्टात टिकला नसता. एका कचेरीत ऐंशीच्या पुढचे एक दलाल बसले होते. त्यांना ती रक्कम आठवतच नव्हती; "असे काही देणे नाही," म्हणून ते पाकीट परत करू लागले. मित्राने वहीतली १९९७ सालची नोंद काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, पाकीट न मोजता खणात टाकले आणि मित्राचा हात दोन्ही हातांत धरून तोच एक शब्द उच्चारला. नवा सौदा काही झालेला नव्हता. जिना उतरेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

अखेरच्या संध्याकाळी आम्ही नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलो. केवळ पादचारी व सायकलस्वारांसाठी असलेला हा ५७२ मीटरचा बोगदा १९३३ साली खुला झाला. त्यातील लाकडी सरकते जिने आजही चालतात. पलीकडच्या काठावरून सारे शहर दिसते. तेथे बसल्यावर मित्र म्हणाला, "चाळीस वर्षे झाली. पेढीची पाटी उतरेल, मुलगा दुसऱ्या वाटेला लागला. वह्या फाडून टाकाव्यात असे ठरवले होते. पण त्या छापखान्यातल्या वह्या बघितल्यापासून मन होत नाही. तुला काय वाटते ?" मी म्हटले, "वह्या ठेव. मुलगा हिरे विकणार नाही, पण त्या अकरा नावांपुढची खूण त्याला वाचता आली पाहिजे." तो काही वेळाने म्हणाला, "त्याला गुजराती वाचता येत नाही रे." मग त्यानेच ठरविले की हिवाळ्यात रोज एक तास मुलाला घेऊन बसायचे. डिसेंबरअखेर पेढी बंद झाली. मुलगा आता खतावणी अडखळत वाचतो, असे मित्राने गेल्या महिन्यात फोनवर सांगितले.

बंधू-भगिनींनो, आपल्या संस्थेला आपण 'ट्रस्ट' म्हणतो आणि ती चालविणाऱ्यांना 'विश्वस्त'. दोन्ही शब्दांचा अर्थ विश्वास. पन्नास वर्षांत बांधलेल्या वास्तूंचा हिशेब या स्मरणिकेत येईलच. परंतु अँटवर्पने मला शिकविले ते असे, की खाडी गाळाने भरू शकते, नदी दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते, धंदा दुसऱ्या शहरी जाऊ शकतो; यांतले काहीच आपल्या हाती नसते. परक्याला दार उघडे ठेवणे, आणि लिहिलेला असो वा नसो, दिलेला शब्द पाळणे, एवढेच आपल्या हाती असते. ज्या वर्षी त्या शहराने पंथ पाहून माणसे घालविली, त्या वर्षी त्याने स्वतःची पेठही घालविली.

तरुणांना एकच विनंती. तुमच्या घरी आजोबांच्या वह्या असतील, मोडीत वा मारवाडीत लिहिलेल्या, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या. त्या रद्दीत देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन एकदा बसा आणि वाचा. कोणाचे देणे कसे फेडले, ते त्यांत सापडेल. त्यासाठी अँटवर्पला जाण्याची आवश्यकता नाही.